समोरच्याची खुर्ची

ताईची शोकसभा संपली तरी माणसं काही हलेनात. कोर्टाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की ताईचं ऑफिस हाकेच्या अंतरावर, पण आज तिच्या दोघा भावांना कोणी पुढे जाऊच देईना. किल्ल्या बनवणाऱ्याने हात धरून ठेवला. कोर्टाच्या शिपायाला खूप काही सांगायचं होतं, पण त्याला नुसतेच हुंदके येत होते. एका धिप्पाड माणसाने तर मधल्या भावाला मिठीच मारली, त्याच्या खांद्यावर मनसोक्त रडला आणि मग डोळे पुसत म्हणाला, "मला ताईंनीच आत पाठवलं होतं. समोरच्या पार्टीकडून उभ्या होत्या ना. पण काय बोलल्या हो! मलासुद्धा पटलं, की या माणसाला आत घातलंच पाहिजे."

तो गेल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "दादा, माणसाने जावं तर असं. हिने तुरुंगात धाडलेला माणूस रडतोय. मी ज्याची दाढ काढतो तो, मी रस्त्यात दिसलो की फुटपाथ बदलतो."

मधला हसला नाही. सभा मोठ्या कोर्टरूममध्ये भरली होती आणि सगळा वेळ तो मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसला होता. पुढे घरच्यांसाठी राखलेली त्याची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्याच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीला, त्याचा असा काही राग आला होता की तिने सभेतली निम्मी भाषणं ऐकलीच नाहीत. सख्खी बहीण गेली, अख्खं कोर्ट उभं राहून रडतंय, आणि हा कोपऱ्यात जाऊन बसतो. लोक काय म्हणतील? लोक म्हणतच होते. छापखान्याची ती केस अजून कोणी विसरलं नव्हतं.

*

ऑफिस म्हणजे एकच खोली. मुळात ते भावंडांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वडिलांनी ते तिघांच्या नावावर ठेवलं. पुढे मधल्याने छापखाना काढला, धाकट्याने दातांचा दवाखाना, आणि रिकाम्या दुकानावर ताईने स्वतःची पाटी लावली. घड्याळं गेली तरी त्यांचे खिळे भिंतीवर तसेच होते. एका खिळ्याला ताईचा काळा कोट, एकाला छत्री, एकाला स्कूटरची किल्ली. बाकीचे खिळे नुसतेच. ते का काढत नाहीस असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "राहू देत, कुठल्या वेळेला काय अडकवावं लागेल सांगता येतं का?"

आत शिरल्यावर कोणी कुठे बसायचं यावरूनच सगळे घुटमळले. टेबलामागच्या ताईच्या खुर्चीत कोणी बसलं नाही, हे ठीकच. पण टेबलाच्या या बाजूला, खिडकीला पाठ करून ठेवलेली वेताची खुर्चीही रिकामीच राहिली. वहिनी आणि धाकटा बाकावर बसले. मधला दाराशी उभा राहिला. त्याची मुलगी, जिला आत्याने बाळपणापासून 'ज्युनिअर' म्हणून हाक मारली आणि जी खरोखरच मोठी होऊन आत्याची ज्युनिअर झाली, ती कपाटाला टेकून उभी होती. तिने काळा कोट अजून उतरवला नव्हता. ताईचा म्हातारा कारकून, ज्याला सगळं कोर्ट शिक्केकाका म्हणायचं, तो सवयीने स्टुलावर जाऊन बसला.

त्या वेताच्या खुर्चीचं नाव 'समोरच्याची खुर्ची'. ताईच्या वकिलीतलं निम्मं शहाणपण तिच्यात होतं असं म्हटलं तर चालेल. घरमालकाला शिव्या घालत कोणी भाडेकरू आला की ताई त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "झालं? आता त्या खुर्चीत बस. आता तू घरमालक. बोल." माणूस चक्रावून जायचा. "अहो, पण तो नालायक आहे!" "असेल. नालायकाचं म्हणणं काय आहे ते सांग. इतकं चांगलं सांग की मला घाम फुटला पाहिजे. मग तुझी केस घेते." निम्मे पक्षकार त्या खुर्चीतून उठायचे ते थेट जाऊन समेट करून यायचे. बाकीचे वकील म्हणायचे, ताई, ही खुर्ची तुमचा धंदा बसवणार. ती मोठ्याने हसायची. तिचं हसू रस्त्यापलीकडे ऐकू जायचं आणि किल्लीवाला तिकडून विचारायचा, "जिंकलात का हो?"

घरातही तोच कायदा. भांडण झालं की आधी दुसऱ्याच्या जागी बसायचं, त्याच्या तोंडचं बोलायचं, आणि तो 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणाला तरच आपलं तोंड उघडायचं. वहिनी नवी नवी घरात आली तेव्हा स्वयंपाकघरावरून सासूशी तिचं वाजलं होतं. ताईने तिला सासूच्या जागी बसवलं. नव्या सुनेने सासूचा आवाज, सासूचं नाक उडवणं, सासूचं 'आमच्या वेळी' इतकं हुबेहूब काढलं की सासूबाईच डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. त्या दिवशी वहिनीला वाटलं होतं, आपण लग्न कुणाशी केलं ते राहू दे, नणंद मात्र छप्पर फाडून मिळाली आहे.

त्या खुर्चीत जन्मात न बसलेला घरातला एकच माणूस, मधला.

त्याच्या छापखान्यात कागद कापायच्या मशीनला जाळी नव्हती. जाळीशिवाय मशीन चालवणार नाही म्हणून तिघे कामगार अडून बसले आणि याने रागाच्या भरात तिघांना काढून टाकलं. ते तिघे आले ताईकडे. ताईने भावाला बोलावून घेतलं आणि त्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तू त्यांच्या बाजूने बोल. नीट बोललास तर मी वकीलपत्र घेणार नाही, कारण मग तूच त्यांना परत घेशील." मधला म्हणाला, "मी तुझा भाऊ आहे, पक्षकार नाही," आणि निघून गेला. ती केस उभी राहिली, ताईने भावाची भर कोर्टात उलटतपासणी घेतली आणि ती जिंकली. त्यानंतर कित्येक वर्षं बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. आईच्या आजारपणात बोलायला लागले, पण त्या केसबद्दल नाही. या खोलीच्या दोन पायऱ्या मधला त्यानंतर आज पहिल्यांदा चढला होता.

*

"शेजारचा औषधवाला दिवेलागणीला येतोय," मधला दारातूनच म्हणाला. "त्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचंय. मी त्याला हो म्हणणार आहे. धाकट्या, तुझी हरकत नाही ना?"

"आज?" धाकटा म्हणाला. "दादा, टेबलावर तिचा चष्मा तसाच पडलाय."

"आज नाही तर उद्या. चष्मा घरी नेऊ."

"बाबा," ज्युनिअर म्हणाली, "ऑफिस मी चालवणार आहे. तुम्हाला माहीत आहे ते."

"मला माहीत नाही."

"मी सांगितलं होतं."

"मी ऐकलं नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला. या बापलेकीचं संभाषण म्हणजे दोन बहिऱ्यांची मुलाखत. तिच्या मनात आधी नवऱ्याचीच बाजू होती, हे खरं सांगायला हवं. वन्संच्या स्कूटरचं सीट कुणीतरी फाडलं होतं, फोनवर धमक्या यायच्या, आणि वन्सं त्या धमकीवाल्याला विचारायच्या, "बाळ, तुझं नीट ऐकू येत नाहीये, जरा मोठ्याने धमकी दे." वन्सं त्या वन्सं. पोरीचं तसं नाही. एखाद्या कंपनीत, थंडगार खोलीत बसून पोरीने करार तपासावेत, संध्याकाळी वेळेवर घरी यावं. यात वाईट काय आहे?

"भिंतीला ओल आहे," मधला म्हणाला. "उजेड नाही. म्हाताऱ्या पक्षकारांना पायऱ्या चढवत नाहीत."

"दोन पायऱ्या आहेत बाबा!"

"दोन तर दोन."

"आणि आत्याला इतकी वर्षं उजेड कमी पडला नाही तो?"

"ती वेगळी होती!" मधला एकदम ओरडला. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस ओल्या भिंतीसाठी ओरडत नाहीये, एवढं तिला संसारातून कळत होतं. मग कशासाठी ओरडतोय? ते मात्र कळत नव्हतं, आणि तिथेच तिचं मन नवऱ्याच्या बाजूवरून थोडं सरकलं.

धाकट्याची पंचाईत वेगळीच. त्याची सही दोघांनाही हवी होती. तो जन्मभर ताई आणि दादा यांच्या मधे बसून आला होता, जेवणाच्या टेबलावरसुद्धा. एकाला मीठ हवं असलं तरी ते त्याच्या हातून जायचं. आता ताई नव्हती, तरी तो मधेच होता. त्याने खिडकीपाशी पाहिलं आणि त्याला सुचलं ते इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

"मी सही देईन," तो म्हणाला. "पण या घराच्या कायद्याने. दोघं त्या खुर्चीत बसा. ज्युनिअर, तू दादाची बाजू मांडायची. दादा, तू हिची."

"पोरखेळ आहे हा," मधला म्हणाला.

"असेल. पण माझी सही नाही तर औषधवाल्याला भिंत मिळत नाही."

"आधी मी बसते," ज्युनिअर म्हणाली.

*

ती वेताच्या खुर्चीत बसली तेव्हा तिच्या मनात सरळ हिशोब होता. बाबांची बाजू म्हणजे ओल, उजेड आणि पायऱ्या. ते बोलून टाकायचं आणि उठायचं. तिने बाबांसारखे पाय फाकवले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, मान किंचित खाली घातली. आत्या म्हणायची, आधी बसणं उचल, म्हणणं आपोआप येतं.

"मी छापखानेवाला," ती म्हणाली. "मला एकच मुलगी. या भिंतीला ओल आहे..."

ती थांबली. अशी मान खाली घालून बसलं की समोर ताईची रिकामी खुर्ची बरोबर डोळ्यांसमोर येत होती.

"ओल वगैरे राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "ते मी उगाच बोलतो. या खोलीने माझी बहीण नेली. केस हरल्याचं मला काही वाटलं नाही. कामगार परत आले, जाळी बसली, बरंच झालं. पण ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, 'साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं.' साक्षीदार! माझा हात धरून जिने मला शाळेत पोचवलं, तिने. तिचं काही चुकलं नव्हतं. तीच तर अडचण आहे. तिचं चुकलं असतं तर मी कचकचून भांडलो असतो आणि भांडण मिटलं असतं. बरोबर असलेल्या माणसाशी समेट कसा करायचा?"

शिक्केकाकांनी हातातला कप खाली ठेवला. वहिनीने पदर तोंडाशी नेला.

"आणि आता ही पोर," ज्युनिअर म्हणाली. तिचा आवाज आता तिलाच आपला वाटत नव्हता. "ही तिच्याहून हट्टी. एक ना एक दिवस माझ्याकडचा कुणीतरी हिच्या दारात येईल. आणि ही केस घेईल. घेतलीच पाहिजे, नाहीतर ती ताईच्या हाताखाली शिकली कशाला? मग मी पुन्हा पिंजऱ्यात, आणि समोर माझी मुलगी. तेव्हा निदान माझ्यापुढे आयुष्य पडलं होतं. रुसायला वेळ होता आणि रुसवा काढायलाही. आता एवढी वर्षं अबोला धरायला माझ्याकडे तेवढी वर्षंच उरलेली नाहीत. म्हणून म्हणतो, खोली देऊन टाका. पोर माझ्यावर चिडेल. चिडू दे. पण ती राहील."

बाहेर किल्लीवाल्याची कानस खर्रखर्र चालू होती.

"बाबा," तिने खुर्चीतूनच विचारलं, "हेच तुमचं म्हणणं?"

मधल्याने दाराची चौकट घट्ट धरली होती. "मला ते असं बोलता आलं नसतं," तो म्हणाला.

ज्युनिअर उठली. आत्याच्या हाताखाली इतकी वर्षं काढून तिने नेमकी नवशिक्याने करावी ती चूक केली होती. समोरच्याची बाजू मांडता मांडता ती तिला स्वतःलाच पटली होती. आपल्या बाजूने बोलायला तिच्याजवळ एक शब्द उरला नव्हता.

"काका, सही करून टाका," ती म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही."

"पोरी!" वहिनी ताडकन उठली. ती आता पुरती लेकीच्या बाजूची झाली होती, आणि लेक तर हत्यार टाकून मोकळी. "काही म्हणणं नाही म्हणजे? वन्संनी तुला हे शिकवलं?"

"हेच शिकवलं आई."

"नियम म्हणजे नियम," धाकटा म्हणाला. तो खमक्या माणूस. किंचाळणाऱ्या पेशंटच्या तोंडातून हात न काढण्याची त्याला सवय होती. "अजून एक बाजू बाकी आहे. दादा, ये."

*

मधला खोली ओलांडून आला. किती लहानशी खोली, पण वहिनीला वाटलं हा काही पोचत नाही. तो खुर्चीपाशी थांबला, तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बसला. वेत करकरला.

"तिला ही खोली..."

"तिला नाही, मला," धाकटा म्हणाला.

"मला..." मधल्याने घसा साफ केला. "मी आत्याकडे शिकले."

जाड मिशीच्या, शाईने नखं काळी झालेल्या माणसाच्या तोंडून 'शिकले' ऐकून एरवी हसू फुटलं असतं. कोणी हसलं नाही.

"कायदा काय, कॉलेजात कुणीही शिकतं. आत्याकडे मी काय शिकले ते सांगते." तो जरा पुढे सरकला. "एक शिवणकाम करणारी मुलगी होती. ऐकू यायचं नाही, बोलता यायचं नाही. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात होती. मालकाने काढून टाकली. का, तर सुपरवायझर सांगतो ते हिला समजत नाही. आत्याने तिची केस घेतली. त्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. आत्या उभी राहिली आणि बोललीच नाही. नुसते हात. बोटं अशी, मनगट असं. ती त्या मुलीच्या भाषेत केस मांडत होती. कधी शिकली कोण जाणे. समोरचे वकील हसायला लागले. ती थांबेना. न्यायाधीशांनी आधी वाट पाहिली, मग चष्मा काढला आणि म्हणाले, 'बाई, मला यातलं काही समजत नाहीये.' तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलली. म्हणाली, 'साहेब, मग आज तुम्हालाही कामावरून काढावं का?'"

ज्युनिअर त्याच्याकडे बघतच राहिली. ही गोष्ट ती आत्याकडे शिकायला येण्याआधीची, तिला माहीतच नव्हती. आत्या घरी फक्त हरलेल्या केसेस सांगायची, जिंकलेल्या कधीच नाही. आणि आज सभेतही ही कोणी सांगितली नव्हती.

"मग कोणी हसलं नाही," मधला म्हणाला. तो आता कुणाकडेच बघत नव्हता. "न्यायाधीशांचा चेहरा असा उतरला... आणि ती मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिला ऐकू काही आलं नव्हतं. पण त्यांना कळलं, हे तिला कळलं. ती रडायला लागली. आत्या तिच्याकडे बघून हसली, आपली ती खो खो हसली. मी आयुष्यात असं काही पाहिलं नाही. अंगावर काटा आला. मला वाटलं उठावं, बाकावर चढावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, की ही माझी बहीण आहे!"

आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरा कळलं.

ज्युनिअरची नजर मात्र खाली गेली होती. टेबलाखाली बाबांच्या चपला बाजूला पडल्या होत्या. बोलता बोलता त्याने पायांनीच त्या सरकवल्या होत्या आणि अनवाणी तळवे फरशीवर घट्ट रोवले होते. आत्या असंच करायची. घरात कधी नाही. घरात तिच्या पायांत सदा सपाता असायच्या, पाय गार पडतात म्हणून. फक्त कोर्टात. कळीचा मुद्दा आला की टेबलाखाली तिच्या चपला निघायच्या, आणि ते पाहून समोरच्या वकिलांचा धीर सुटायचा. वकील सोडले तर मागच्या बाकांवरून पाहणाऱ्यालाच ते दिसायचं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कोर्टात यायचात?"

मधल्याने पायांकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस होतो तसा तो कावराबावरा झाला.

"अहो," वहिनी म्हणाली, "कधी जायचात तुम्ही?"

"शाई आणायला."

"काय आणायला?"

"बुधवारी शाई आणायला जायचो ना. तेव्हा."

वहिनी मटकन बाकावर बसली. घराच्या माळ्यावर शाईच्या डब्यांची चळत होती. लाल, हिरवी, कुणी कधी न वापरलेली जांभळी. त्या डब्यांवरून ती इतकी वर्षं नवऱ्याचं डोकं खात आली होती. "म्हणजे ते सगळे डबे..."

"रिकाम्या हाताने घरी कसं यायचं?" मधला म्हणाला. "बोलत नव्हतो तिच्याशी. पण ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं. मागे खांबाआड बसायचो. तिला कळू दिलं नाही कधी."

शिक्केकाका इतका वेळ स्टुलावर गप्प होते. आता त्यांनी खाकरून घसा मोकळा केला.

"साहेब, रागावू नका," ते म्हणाले. "पण त्या खांबापाशी एक पंखा आहे. फार आवाज करतो. बुधवारी केस असली की ताई मला आधीच पाठवायच्या. म्हणायच्या, 'काका, तेवढा खांबाजवळचा पंखा बंद करून या. मागे ऐकू जात नाही.' भर उन्हाळ्यातसुद्धा. लोक घामाघूम होऊन मला शिव्या द्यायचे. मी बंद करून यायचो."

मधल्याने तोंडावर हात घेतला. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा वहिनी उठली, पण धाकट्याने तिला हाताने थांबवलं. ज्या बहिणीशी मधला बोलत नव्हता ती त्याच्याशी दर बुधवारी बोलत होती. तोंड न्यायाधीशांकडे, आणि एक पंखा बंद. ज्युनिअरला वाटलं होतं, आत्या आपल्याला पुरती कळली आहे. खरं तर तिचा पदरसुद्धा आपल्या हाती नीट लागला नव्हता. धाकटा तर उघड उघड रडत होता आणि मधेच हसत होता. "काय बाई होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "काय बाई होती रे ही!"

बऱ्याच वेळाने मधल्याने चेहरा पुसला. तो खुर्चीतून उठला नव्हता.

"माझं संपलेलं नाही," तो म्हणाला. "मी अजून ज्युनिअरच आहे. तर मला ही खोली हवी, कारण हे सगळं इथूनच कोर्टात जायचं. उद्या ती शिवणारी मुलगी आली तर तिने कुठे जायचं? औषधाच्या दुकानात?"

"आणि तुमच्या बाबांचं काय?" धाकट्याने न्यायाधीशाच्या सुरात विचारलं. "उद्या त्यांच्याविरुद्ध केस आली तर?"

"आली तर घेणार. पण आधी त्यांना बोलावून या खुर्चीत बसवणार."

"ते बसतील?"

मधल्याने मुलीकडे पाहिलं.

"बसतील," तो म्हणाला.

"आणि नाही बसलात तर, बाबा?" ज्युनिअरने विचारलं.

"तर पुढची तारीख दे. त्याच्या पुढची दे. कोर्टात काय, तारखांना तोटा नसतो. पण तोपर्यंत मला घरात गप्प बसू देऊ नकोस. तेवढं एक ताईने करायला हवं होतं. एक थोबाडीत मारून बोलायला लावायला हवं होतं मला."

ज्युनिअर येऊन त्याच्या गुडघ्यापाशी फरशीवर बसली. आता दोघांपैकी कोण कुणाच्या बाजूने बोलत होतं ते विचारण्यात अर्थ नव्हता.

दारावर टकटक झाली. काचेपलीकडे औषधवाला उभा होता, हातात मोजमापाची टेप घेऊन. आत एवढी रडलेली तोंडं पाहून तो बिचारा संकोचला आणि पायरीवरच थांबला.

"मी जातो," मधला म्हणाला आणि उठला. "मी शब्द देणार होतो, मीच जाऊन नाही म्हणतो."

तो तसाच अनवाणी बाहेर गेला. पायऱ्यांवर उभा राहून औषधवाल्याशी बोलायला लागला, हातवारे करत, मोठ्या आवाजात, आणि समोरचा किल्लीवाला कानस थांबवून ऐकू लागला.

शिक्केकाका स्टुलावरून उठले. टेबलाखाली वाकून त्यांनी त्या चपला उचलल्या, सवयीने एकमेकींवर झटकल्या, आणि कोर्टाच्या दारात ताईंच्या चपला घेऊन थांबायचे तसे पायरीपाशी जाऊन उभे राहिले.